आधी पाणी, मग मुळी

आत्या, परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. करमाडच्या विहारासमोर मांडव घातला होता. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं आणि मग एकेक जण माइकसमोर उभा राहून तुझ्याबद्दल बोलला. गयाबाईच्या हाताला गुण होता. गयाबाईनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. गयाबाईनं अख्ख्या पंचक्रोशीची कावीळ उतरवली. मी सतरंजीवर बसून ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, सुजाता, तू बोल, तू भाची, तूच तिच्या सगळ्यांत जवळची. मी नको म्हणाले. बोलायला लावलंच असतं तर मी एवढंच विचारलं असतं, की पंचक्रोशीची कावीळ उतरवणारी बाई स्वतः कावीळ होऊन कशी गेली? त्याचं उत्तर त्या मांडवात मला एकटीला माहीत होतं.

म्हणून आता लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मला हे मोठ्यानं वाचायला लावलं असतंस, आणि दुसऱ्या पानावर हात वर करून म्हणाली असतीस, "लई झालं तुपलं. आता चहा ठिव."

मला तुझा राग येतो आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तू होतीस तेव्हा तरी आपण दोघी एकमेकींशी गोड कधी बोललो? शहरातल्या छावणी भागातल्या लॅबमध्ये मी वीस वर्षं लोकांचं रक्त काढते म्हणून तू मला जळू म्हणायचीस. मी तुला वैदीणबाई म्हणायचे, आणि त्यातला टोमणा तुला बरोबर लागायचा.

तुझा भाऊ, म्हणजे आमचे आप्पा, वाळूजच्या कंपनीत लागले आणि आम्ही बजाजनगरात दोन खोल्यांत राहायला गेलो. तेव्हापासून माझी प्रत्येक सुट्टी तुझ्याकडं करमाडला गेली. नवरा गेल्यावर तू माहेरी परत आली होतीस. भीमनगरातलं पत्र्याचं घर आणि पुढचा सारवलेला ओटा, दोन्हींवर तुझंच राज्य होतं. त्या घरात स्वयंपाक कुठं संपतो आणि औषध कुठं सुरू होतं ते मला कधी कळलं नाही. डाळिंब खाल्लं की साल टाकायची नाही. ती वाळवून ठेवायची, कुणाचं पोट बिघडलं की उगाळून ताकातून द्यायची. आव पडली तर कच्चं बेलफळ भाजून त्याचा गर. उन्हाळी लागली तर पळसाच्या वाळल्या फुलांचं केशरी पाणी. बाळंतिणीला दूध उतरेना की शतावरीची मुळं. तान्ह्या बाळासाठी सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, प्रत्येकाचे वळसे मोजून, आणि मी एक जरी वळसा जास्त दिला तर पाठीत धपाटा. सीताफळाच्या बिया वाटून तू गल्लीतल्या पोरींच्या डोक्यांना उवांसाठी लावायचीस आणि आधी त्यांच्या डोळ्यांवर फडकं इतकं करकचून बांधायचीस, की पोरी उवांपेक्षा त्या फडक्याला भ्यायच्या. साखरेच्या दुखण्याच्या म्हाताऱ्यांना तरवडाच्या पिवळ्या फुलांचा काढा द्यायचीस, पण त्यांनी तुझ्यासमोर गोड चहाचं नाव काढलं की काढ्याची वाटी मागं ओढून घ्यायचीस.

ही सगळी नावं तू भर रस्त्यात, भाजी निवडता निवडता सांगायचीस. तुला त्याचं काही वाटायचं नाही. एकच नाव तू पोटात ठेवलंस, काविळीच्या मुळीचं. ते नाव घेतलं की गुण जातो, हे तुझं ठरलेलं वाक्य.

आप्पा यावरून तुझ्याशी भांडायचे. आजी मुळी देताना काहीतरी मंत्र पुटपुटायची म्हणे. धम्म समजायला लागला तसा तू मंत्र सोडलास, पण आप्पांना तेवढं पुरत नव्हतं.

"बाबासाहेबांनी आपल्याला काय शिकवलं आन् तू काय धरून बसली? सांगून टाक की नाव. लोकायचं भलं व्हईल."

"मंतर सोडला ना मी?"

"मंग नाव बी सोड."

"ते नाय सुटत," असं म्हणून तू चुलीत फुंकणी घालायचीस. मग आप्पांचं बोलणं धुरात जायचं आणि ते खोकत बाहेर यायचे.

मुळी रविवारी द्यायची, उपाशीपोटी, लागोपाठ तीन रविवार. एकवीस दिवस तेल नाही, हळद नाही. घ्यायची ती तुझ्या हातानंच, घरी बांधून मिळणार नाही. आणि सगळ्यांत आधी तुझ्या रांजणातलं पाणी, काठोकाठ भरलेलं एक फुलपात्र, तुझ्या डोळ्यांदेखत संपवायचं. त्याशिवाय तू मुळी वाटायला घ्यायची नाहीस. वरच्या आळीतले बागायतदार एरवी तुला रस्त्यात "ए गये" म्हणायचे. रविवारी सकाळी तेच चपला काढून आपल्या ओट्यावर बसायचे आणि "गयाबाई" म्हणायचे. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या फुलपात्र हातात धरून आधी इकडंतिकडं बघायच्या. तू कमरेवर हात ठेवून उभी. घाई नाही, आग्रह नाही.

मी लॅबचं शिक्षण घेऊन आले तेव्हा मला सगळंच कळतं असं वाटायचं. मी तुला समजावलं, की साधी कावीळ बहुतेकदा आपली आपण उतरते, तुझे तीन रविवार संपेपर्यंत ती उतरायचीच असते, तू मुळीच्या जागी दुधीचा तुकडा दिलास तरी उतरेल. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंग तुमचा डाक्तर सलाईन लावून काय करतो? तो बी वाटच बघतो ना?" त्यावर मला नंतर बरंच सुचलं, पण तोवर तू भाकरी थापायला बसली होतीस.

मग मी पाण्याच्या नियमाकडं वळले. "मुळीचं एक वेळ सोड. पाण्यानं काय होतं आत्या? तेही आजीचंच का?"

"नाय. पाणी मी लावलं."

"कशाला?"

तू परातीतलं पीठ गोळा करत, माझ्याकडं न बघता बोललीस. "मायच्या येळंला हे लोक आपला गिलास संगं आणायचे. दुरून ठिवायचे. माय वरून औषध वतायची अन् ते घरी जाऊन प्यायचे. आपलं औषध चालायचं त्यायला, पाणी नाय. मपल्या हाती आलं तवा मी म्हणलं, आता पाणी बी घ्यावं लागतं, नायतर गुण येत नाय. पयल्या साली कोणीच आलं नाय. मंग एक पोरगं लई पिवळं पडलं, अन् त्याची माय आली. पिली गटागटा."

"आणि नाव?"

"नाव कळलं तं बांधावरून उपटून घेतील की. मंग इथं कोण येतंय बसायला?"

तुला वाटलं असेल, पोरगी वादात हरली म्हणून गप्प बसली. तसं नव्हतं. मला तुझा फार अभिमान वाटला होता आत्या, इतका की त्या रात्री मी आप्पांना फोन करून सांगितलं, आता आत्याशी यावरून भांडू नका. तुला मात्र हे कधी सांगितलं नाही. तू लगेच डोक्यावर चढून बसली असतीस.

दुसरंही एक तुला सांगितलं नाही. मुळी मला माहीत होती.

अकरा वर्षांची होते. मे महिना होता. तू शनिवारी संध्याकाळी मला शेजारी लगोरी खेळायला पाठवलंस आणि खुरपं घेऊन शेंद्र्याकडच्या माळावर निघालीस. मी मागोमाग आले आणि तरवडाच्या झुडपाआड बसले. तू कुठं थांबलीस, कशाची पानं आधी बाजूला केलीस, किती खोल उकरलंस, सगळं बघितलं. परत आल्यावर तुझ्या हातांना ओल्या मातीत मिसळलेला तुरट वास होता, तोही ओळखीचा झाला. तू आपण होऊन सांगशील म्हणून मी थांबले. आधी वाटलं दहावी झाल्यावर सांगशील, मग वाटलं लग्न झाल्यावर. नंतर तो माळ कुठल्या तरी कंपनीच्या कंपाउंडात गेला आणि तू म्हणायला लागलीस, आता माळाची मुळी घावत नाय, लोकायच्या बांधावरची घेतली तं नाव फुटंल, लांब जावं लागतं, पाय दुखतात. जालना रोडला बसच्या खिडकीतून मला ती रोपं कडेला दिसायची. दरवेळी दिसायची. मी तोंड उघडलं नाही. तू सांगत नाहीस ना, मग मर चालत, इतक्या खालच्या थराला मी गेले होते. हे वाक्य मी आता लिहिते आहे आणि ते लिहायलाही मला वीस मिनिटं लागली.

असं असून आपण दोघींनी मिळून एक काम चांगलं केलं. तुझ्याकडं पिवळा झालेला माणूस आला, की तू त्याला आधी छावणीत माझ्याकडं पाठवायचीस. रक्त देऊन ये, मग रविवारी बस. मी आकडे बघायचे, आमच्या डॉक्टरबाईंना दाखवायचे आणि तुला फोन करायचे. साधं असलं तर म्हणायचे, तुझा आहे. नसलं तर म्हणायचे, हा तुझा नाही, आणि तू त्याला ओट्यावर बसूसुद्धा न देता दवाखान्यात पिटाळायचीस. एका शाळामास्तरांना तू असं हाकललंस म्हणून ते तुझ्यावर रुसले होते. ऑपरेशन करून बरे झाल्यावर पेढे घेऊन आले, आणि मला नाही, तुलाच देऊन गेले. तू त्यातले दोन माझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेस. आमच्या लॅबमध्ये मोठमोठ्या पदव्यांची माणसं येतात, पण "हा माझा नाही" असं पटकन म्हणणारी मी फार थोडी बघितली.

मग स्वतःच्या बाबतीत तुला ते का म्हणता आलं नाही?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तुला तो मोठा काळा चष्मा मिळाला. महिनाभर घाल म्हणाले होते, तू चार महिने घातलास. आम्ही सगळे हसलो. म्हातारी हिरॉइन झाली, असं आप्पा म्हणाले. त्या काचांमागं तुझे डोळे पिवळे होत गेले आणि आम्ही हसत राहिलो. मी वीस वर्षं लोकांचे डोळे बघते, आणि माझ्याच आत्याचे बघितले नाहीत.

त्या रविवारी मी जेवायला आले. ताटात वरण वाढलंस. वरण पांढरं होतं.

मी ताटाकडं बघितलं, मग तुझ्याकडं. तू पदराखाली दंड खाजवत होतीस.

"हळद संपली," तू म्हणालीस.

डब्यात हळद होती. मी उठून बघितलं. मग तुझा चष्मा काढला. तू माझा हात धरलास, पण जोर लावला नाहीस.

"किती दिवस?"

"पंधरा-ईस असंल."

"अन् मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तू सुईच घालणार."

मी तिथंच तुझं रक्त घेतलं. पिशवीत नळ्या होत्याच. तू दुसरीकडं तोंड करून बसलीस, एवढी शूर बाई, सुईला भ्यायचीस. दुसऱ्या दिवशी आकडे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, पित्ताच्या नळीत काहीतरी अडकलंय, सोनोग्राफी करा, उशीर नको. मी तिथूनच फोन केला. "आत्या, ही कावीळ तुझी नाही. दवाखान्याची आहे."

तू म्हणालीस, "येते. पर आधी तीन रविवार. तुझ्या हातानं."

तुझा आणखी एक नियम मी विसरले होते. देणाऱ्यानं आपल्या हातानं आपण घ्यायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवं. आणि तू दुसरं कुणी शोधलं नव्हतंस. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं नाव तू मला देत होतीस. मी ज्याची अकराव्या वर्षापासून वाट बघत होते ते तू फोनवर, सोमवारी दुपारी, मागेपुढे चार पेशंट बसलेले असताना देत होतीस.

आणि मी म्हणाले, "मला कुठं माहीत आहे तुझी मुळी?"

"सांगते ना. ये तं खरं."

"सांगू नको. आधी दवाखाना."

"आधी मुळी."

हे भांडण तीन आठवडे चाललं. तू रविवारी ओट्यावर बसून राहायचीस म्हणे, रांजण भरून, माझी वाट बघत. मी आले तेव्हा रिक्षा घेऊन आले आणि तू रिक्षात बसली नाहीस. आप्पा आले, ओरडले, परत गेले. मी म्हणाले, शिकलेल्या घरातली बाई तू, लोकांना दवाखान्यात पाठवतेस आणि स्वतः? तू म्हणालीस, "लोकायला मी दिलं. मला कोणी द्यायचं?" मला त्यात तेव्हा अडाणीपणा दिसला.

आत्या, एक वाटी मुळी. तुझ्या पद्धतीनं, रविवारी सकाळी, आधी पाणी. पाच मिनिटांचं काम होतं. त्यानं ना तुला गुण आला असता ना अपाय झाला असता, आणि त्याच रिक्षातून त्याच सकाळी आपण सोनोग्राफीला गेलो असतो. तू आली असतीस. मुळी हातात पडल्यावर तू कशालाही हो म्हणाली असतीस, मी तुला ओळखते. लॅबमध्ये मी रोज लोकांशी असली तडजोड करते. गंडा बांधायचाय? बांधा, पण गोळी घ्या. अंगारा लावायचाय? लावा, पण परवा परत या. अनोळखी लोकांच्या गळ्यातले गंडे मला चालतात, आणि तुझ्या मुळीपुढं माझं विज्ञान ताठ झालं. खरं सांगायचं तर विज्ञान नव्हतंच ते. इतकी वर्षं सांगितलं नाहीस ना, आता गरज पडल्यावर सांगतेस, हा राग होता. मी तो डॉक्टरी भाषेत बोलले एवढंच.

आणि तूही कमी नव्हतीस. तीन रविवारांपैकी एका रविवारी तू म्हणू शकली असतीस, चल बाई, तुझंच खरं. आपल्या घराण्यात हे वाक्य कुणालाच येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला आणि तू बोलण्याच्या पलीकडं गेलीस, तेव्हा आम्ही तुला दवाखान्यात नेलं. नळीत खडा होता. त्यामागं साचलेलं सगळं रक्तात उतरलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, दोन-तीन आठवडे आधी आणलं असतं तर हे साधं काम होतं. त्यांनी मला दोष दिला नाही. माझ्या गळ्यात लॅबचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, ते बघून त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही घरातल्याच का?"

दुपारी दुर्बिणीतून खडा काढायचा ठरला, म्हणून तोंडात काही द्यायचं नव्हतं. तू मधेच शुद्धीवर आलीस. मला ओळखलंस.

"पाणी दे."

"आत्ता नाही आत्या. दुपारनंतर."

"तुझ्या हातानं दे."

मी कापूस ओला करून तुझ्या ओठांवर फिरवला. तू जीभ बाहेर काढून तो चोखलास. मग म्हणालीस, "नाव सांगते."

"नंतर सांग. आता बोलू नको."

तू डोळे मिटलेस. दुपारी त्यांना दुर्बीण घालायची वेळच आली नाही. रक्तदाब घसरला तो घसरलाच. मुळी मला माहीत आहे, हे मी तुला शेवटी तरी सांगायला हवं होतं. लहानपणापासून माहीत आहे, तुझ्यामागं आले होते माळावर, एवढंच. एका श्वासात झालं असतं. मी नळीतलं सलाईन किती थेंबांनी चाललंय ते मोजत बसले.

आता काल काय झालं ते ऐक.

काल रविवार. मांडव सोडायचा होता म्हणून मी करमाडलाच थांबले होते. सकाळी वरच्या आळीचे तात्या आले, सत्तरी ओलांडलेले, ज्यांच्या घरातले तीन जण तुझ्या ओट्यावर बसून गेले आहेत. बरोबर त्यांची धाकटी सून होती, मीना, डोक्यावर पदर, डोळे पिवळेजर्द. तात्यांनी चपला काढल्या, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "गयाबाई गेली, वाईट झालं. आता तू दे. तुला सांगूनच गेली असंल ती."

मी म्हणाले, "तात्या, आधी हिचं रक्त तपासू. उद्या छावणीत घेऊन या."

"ते बघू. आधी मुळी दे."

आधी मुळी. तुझेच शब्द, त्याच सुरात. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हे नावच मारून टाकावं. नाव घेतलं की गुण जातो ना? मग जाऊ दे. गुण गेला की हे सगळे मुकाट दवाखान्यात जातील. आणि मी ओट्यावर उभी राहून, मीनाच्या देखत, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाव घेतलं.

तात्या हसले.

"हे व्हय? आन् आम्ही इतकी वर्षं... हे तं आमच्या बांधाला ढीगभर हाय."

ते उठले. चपला घातल्या. सुनेला म्हणाले, चल, घरीच वाटू. रांजण भरलेला होता, फुलपात्र वर उपडं घातलेलं होतं. मी सकाळीच भरून ठेवला होता, का ते मलाही माहीत नाही. त्यांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुझ्या ओट्यावरून इतक्या वर्षांत पाणी न पिता उठून गेलेलं ते पहिलं माणूस.

दवाखान्यात कुणी गेलं नाही, बांधावर गेले. तू मला हे पीठ मळता मळता अगदी साध्या शब्दांत सांगितलं होतंस, आणि मी शिकलेली बाई, मला वाटलं मला समजलं.

काल दिवसभर मी रांजणापाशी बसून रडले. तू गेलीस त्या दिवशी रडले नव्हते. तुझ्या आयुष्यभराचं एक फुलपात्र पाणी मी एका शब्दात सांडून टाकलं. तात्यांच्या घरून ते नाव एव्हाना अख्ख्या आळीत गेलं असेल. इथं मी ते लिहीत नाही. माझ्याकडून एकदा झालं तेवढं पुरे.

आज सोमवार. सकाळी कामावर गेले. दहाच्या सुमाराला मीना एकटीच आली. करमाडहून बसनं आली होती, घरच्यांना माहेरी जाते असं सांगून. चप्पल दाराबाहेर काढून ठेवली, लॅबमध्ये कुणी काढत नाही तरी. खुर्चीवर बसली, हात पुढं केला. मी दंडाला पट्टा बांधायला गेले तर तिनं हात मागं घेतला.

"ताई, आधी पाणी द्या."

"घरी मुळी घेतलीस ना काल?"

"सासऱ्यानं वाटली. म्या उलटून टाकली." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "गयाआत्याचं पाणी पिल्याबिगर लागत नाय ती. मपली सासू सांगायची. तिला लागली होती."

इथं रांजण नाही, आत्या. प्लॅस्टिकचा जार आहे, निळ्या तोटीचा, आणि स्टीलचा माझा स्वतःचा डब्यातला पेला. मी तो काठोकाठ भरला. मीनानं तो दोन्ही हातांनी घेतला, कुठंही न बघता एका दमात संपवला आणि पदरानं तोंड पुसलं. मग बाही वर केली.

रिपोर्ट संध्याकाळी आला. डॉक्टरबाईंनी बघितला. साधीच कावीळ आहे, आराम केला की उतरेल. मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मंग रविवारी येऊ का ओट्यावर?

मला हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. फोन ठेवल्यावर सवयीनं तुझा नंबर काढला. ही तुझी आहे, एवढंच सांगायचं होतं.